वीस तासांत सहा वर्षांचे गणित? होमस्कूलिंगच्या गटांतून फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

होमस्कूलिंग करणाऱ्या, म्हणजे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणाऱ्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक लांबलचक मराठी संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मुलाला बारा वर्षांपर्यंत गणित शिकवूच नये, अमेरिकेतील एका शाळेत सहा वर्षांचे गणित वीस तासांत शिकवून झाले आणि १९२९ सालच्या एका प्रयोगानेही हेच सिद्ध केले, पाढे पाठ करून घेणे हा मुलांवरचा अत्याचार आहे, आपल्या आज्या-पणज्या पुस्तकावाचून चोख हिशेब करीत, कारण गणित स्वयंपाकघरात आणि बाजारात आपोआप येते, मुक्त विद्यालयातून गणित न घेताही दहावी होते, आणि तरीही काही शिकवायचेच असेल, तर आपली पाठ्यपुस्तके बाजूला सारून गणिताच्या पुस्तकांचा परदेशी संच घ्यावा. त्या संचाची मागणी नोंदवण्याचा दुवा संदेशाच्या शेवटी दिलेला आहे.

मावशींनी हा संदेश कुटुंबाच्या गटावर पाठवला, तेवढ्यावरच गोष्ट थांबली असती तर मी काही लिहिले नसते. परंतु ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने तो मनावर घेतला आणि नऊ वर्षांच्या भाच्याची गणिताची सगळी पुस्तके बांधून माळ्यावर ठेवून दिली. मी ठाण्यात माझ्या मुलीला घरीच शिकवते, त्यामुळे शाळांची वकिली करण्याचे मला कारण नाही. ज्या वाटेवर माझा विश्वास आहे, तिचेच नाव घेऊन मुलांचे नुकसान होत असेल, तर मात्र गप्प राहणे मला जमणार नाही.

आधी त्या वीस तासांविषयी, कारण संदेशाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. ही गोष्ट अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम येथे १९६८ साली सुरू झालेल्या सडबरी व्हॅली स्कूलची आहे आणि ती शाळेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डॅनियल ग्रीनबर्ग यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. नऊ ते बारा वर्षांची डझनभर मुले आपणहून त्यांच्याकडे आली आणि आम्हाला अंकगणित शिकवा म्हणाली. आठवड्यातून दोन दिवस अर्धा-अर्धा तास, असा वीस आठवडे वर्ग चालला. वीस तासांचा आकडा आला तो इथून. आता संदेशाने जे गाळले आहे ते पाहा. ग्रीनबर्ग यांनी वापरले ते १८९८ सालचे, उदाहरणांनी खच्चून भरलेले जुने अंकगणिताचे पुस्तक. मुलांनी त्यातली उदाहरणांमागून उदाहरणे सोडवली, प्रत्येकाने पाढे पाठ केले आणि वर्गात ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले गेले. म्हणजे संदेश ज्याला अत्याचार म्हणतो, तीच गोष्ट त्याच्या सर्वांत मोठ्या साक्षीदाराने केली होती, आणि मुलांनी ती आनंदाने केली होती. शिवाय ही एका वर्गाची, शिक्षकाने सांगितलेली आठवण आहे. तुलनेसाठी दुसरा गट नाही आणि शिकायला आलेली मुले मुळातच शिकण्यासाठी उतावीळ होती. अशा आठवणीवरून उत्साह जरूर घ्यावा, पण आपल्या मुलाच्या सहा वर्षांचा आराखडा तिच्यावर बेतू नये.

१९२९ च्या प्रयोगाची तर संदेशाने पार मोडतोड केली आहे. अमेरिकेतीलच न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर या शहराच्या शाळांचे अधीक्षक लुई बेनेझेट यांनी त्या वर्षी काही निवडक वर्गांत औपचारिक अंकगणित थांबवले, आणि पुढे १९३५-३६ मध्ये तेथील राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या मासिकात तीन लेख लिहून त्याचा वृत्तांत दिला. ते लेख मी मुळातून वाचले आहेत आणि संदेश पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने वाचावेत असे मला वाटते, कारण त्यांत ‘गणित शिकवू नका’ असे कुठेही नाही. त्यांत इयत्तावार अभ्यासक्रम दिला आहे. लहान मुले पुस्तकातल्या पानांच्या क्रमांकांवरून शंभरपर्यंतच्या संख्या ओळखतात. त्यापुढच्या वर्षी घड्याळ येते. चौथीच्या सुमारास इंच, फूट, यार्ड येतात आणि प्रत्येक लांबी मोजण्याआधी मुलाने तिचा अंदाज सांगायचा, मग मोजून पडताळा घ्यायचा, असा दंडक आहे. पाचवीत पाच-पाच, दहा-दहा, दोन-दोन असे मोजत मुले पाढ्यांपर्यंत पोहोचतात. आणि सहावीत रीतसर पुस्तक हाती येते. पुढे ढकलल्या गेल्या त्या उभ्या मांडणीच्या बेरजा-वजाबाक्या आणि भागाकाराच्या रीती. संख्येची जाण, मोजमाप, अंदाज आणि तोंडी विचार हे सगळे पहिल्या वर्षापासून, प्रशिक्षित शिक्षकांच्या हाताखाली, ठरवून चालू होते. शिवाय वाचलेले आपल्या शब्दांत सांगणे आणि कारण देऊन बोलणे यांवर त्या वर्गांत मोठा भर होता. संदेश वाचून पुस्तके माळ्यावर टाकणारा पालक यांतले काहीच करत नाही, आणि तरीही बेनेझेटच्या मुलांना जे मिळाले ते आपल्या मुलाला मिळेल असे समजून निश्चिंत राहतो. सगळ्यांत मोठी हानी या निश्चिंतपणात आहे.

ती हानी काय असते, हे मी भाच्याच्या वहीत पाहिले. ४०३ वजा १७८ याचे उत्तर त्याने ३७५ लिहिले होते. हा निष्काळजीपणा नव्हता. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा त्याने स्वतःपुरता नियम बनवला होता, म्हणून चारातून एक, सातातून शून्य आणि आठातून तीन. शंभराचा एक गठ्ठा सोडला की दहा दशक होतात आणि त्यातले एक दशक सोडले की दहा सुटे मिळतात, हे त्याच्या हातांनी कधी केलेच नव्हते. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन, मग त्यांची चित्रे काढून, आणि त्यानंतर आकड्यांत, अशा क्रमाने बसले की नऊ वर्षांच्या मुलाची ही चूक सुधारते. तीच चूक बारा वर्षांपर्यंत कोणी पाहिलीच नाही, तर ती समजूत बनून घट्ट होते आणि बरोबरीची मुले समीकरणे सोडवताना पाहून मूल ‘गणित माझ्यासाठी नाही’ असे ठरवून मोकळे होते. ज्या मुलांना अंकांशी निगडित अध्ययन-अक्षमता असते, त्यांच्या बाबतीत तर बारा वर्षे वाट पाहणे म्हणजे मदत मिळण्याची सर्वांत चांगली वर्षे घालवणे होय, कारण जे शिकवलेच नाही त्यात मूल अडते आहे हे कोणाच्या लक्षात येणार?

पाढ्यांविषयी संदेशात एक अर्धसत्य आहे आणि ते मी नाखुशीने का होईना मान्य करते. अर्थ न कळता, छडीच्या धाकाने पाढे म्हणायला लावले तर मूल गणिताला घाबरते, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला पानामागून पान उदाहरणे सोडवायला बसवणारे पालक होमस्कूलिंगमध्येही आहेत. पण यावरून पाढे नकोत, हे कसे ठरते? ३/८ आणि ५/१२ यांची बेरीज करताना आठ आणि बारा हे दोन्ही चोविसात जातात, हे ज्या मुलाला दिसते ते ९/२४ आणि १०/२४ मिळवून १९/२४ लिहिते आणि त्याचे सगळे लक्ष अपूर्णांकाच्या अर्थाकडे राहते. ज्याला प्रत्येक वेळी आठ-आठ मोजत जावे लागते, ते मोजता मोजता मूळ प्रश्नच विसरते. आधी मण्यांच्या रांगा मांडून सात चोक म्हणजे काय ते पाहावे, मग ते पाठ व्हावे. या दोहोंत भांडण लावण्याचे काही कारण नाही.

आज्या-पणज्यांचा दाखला तर संदेशाच्या विरुद्धच जातो. जुन्या पिढीतली माणसे दीडशे रुपये मणाच्या भावाने साडेतीन मणांचा हिशेब तोंडी करीत, ते हवेतून आलेले नव्हते. पंतोजींच्या शाळेत आणि घरोघरी परवचा, म्हणजे संध्याकाळचे पाठांतर म्हणताना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे) घोकून घेतली जात असे. ‘सात पाऊणे सव्वापाच’ ज्याच्या जिभेवर होते, त्याला पाऊण रुपयाच्या सात नारळांचे पैसे सांगायला कागद लागत नसे. ज्या पणजी शाळेत गेल्या नाहीत, त्यांच्याही कानावर रोज संध्याकाळी हे पाढे पडत होते.

बाजारातून गणित येते, या म्हणण्याची परीक्षा मी भाच्याबरोबर जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात घेतली. भेंडी ऐंशी रुपये किलो होती. पाव किलोचे वीस आणि अर्ध्या किलोचे चाळीस हे त्याने झटकन सांगितले, आणि एवढ्यापुरते संदेशाचे म्हणणे खरे आहे, हे मी नाकारत नाही. मग भाजीवाल्याने मूठभर भेंडी आणखी टाकली आणि काट्यावर साडेतीनशे ग्रॅम आले. “मावशी, साडेतीनशे म्हणजे पाव आणि किती?” असे विचारून तो थांबला. पावाच्या वर शंभर ग्रॅम राहतात, शंभर ग्रॅम म्हणजे किलोचा दहावा भाग, त्याचे आठ रुपये, म्हणून एकूण अठ्ठावीस, ही साखळी त्याला कोणी दाखवलीच नव्हती. आणि ती दाखवायला मी तोंड उघडेपर्यंत इलेक्ट्रॉनिक काट्याने २८ हा आकडा दाखवला, भाजीवाल्याने क्यूआर कोड पुढे केला आणि मोबाइलवरून पैसे गेलेसुद्धा. सुटे देणे-घेणे नाही, उरलेले मोजून घेणे नाही. आजच्या बाजारात हिशेब यंत्राच्या पोटात होतो आणि मुलाला फक्त उत्तर दिसते; तेव्हा बाजार हा सरावाचा उत्तम आखाडा असला, तरी डावपेच आधी कोणीतरी शिकवावेच लागतात. स्वयंपाकघराचेही तेच. चार माणसांच्या खिरीचे प्रमाण सहा माणसांसाठी करताना दीडपट म्हणजे काय हे जेव्हा आई थांबून विचारते, तेव्हा ते गणित होते. नाहीतर ती फक्त खीर असते.

दहावीचा मुद्दा थोडक्यात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेला गणित सक्तीचे नाही, हे खरे आहे. किमान पाच विषय घ्यावे लागतात आणि त्यांत एक तरी भाषा असावी लागते. पण चौदा वर्षांचे मूल परीक्षेला बसताना त्याचे पुढचे मन आपल्याला ठाऊक नसते. अभियांत्रिकीला गणित लागते, बँकेच्या आणि रेल्वेच्या भरती परीक्षांत अंकगणिताचे प्रश्न असतात. विषय न घेण्याची मुभा मुलाने समजून-उमजून वापरावी. गणितच न शिकवल्यामुळे ती मुभा घेण्यावाचून त्याच्यापुढे दुसरा मार्ग उरणार नाही, अशी वेळ पालकांनी आणू नये.

राहिला परदेशी संच. बारा वर्षांपर्यंत गणित नको म्हणणारा संदेश पाच वर्षांच्या मुलासाठी संच विकतो, यातूनच त्याचा हेतू स्पष्ट होतो. परदेशी पद्धतींपैकी सिंगापूरची पद्धत चांगली आहे, यात वाद नाही. वस्तू, मग चित्र, मग चिन्ह हा तिचा क्रम जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर उभा आहे, आणि तो क्रम काड्या, मणी व चौकटींचा कागद घेऊन कोणत्याही पुस्तकाबरोबर पाळता येतो. अमेरिकी संचांत मात्र डॉलर-सेंट, इंच-मैल आणि फॅरनहाइट असतात, आणि स्वल्पविराम तीन-तीन अंकांनंतर पडतो. १,००,००० हा एक लाख आहे हे ज्याने कधी वाचले नाही, ते मूल आपल्याकडच्या वर्तमानपत्रातला कोटींचा आकडा कसा वाचणार?

बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेचीही (एनसीईआरटी) मिळतात, आणि परिषदेची पहिली-दुसरीची ‘आनंदमय गणित’ ही हिंदी पुस्तके घरी शिकवणाऱ्यांना विशेष सोयीची आहेत. पुस्तक वयावरून निवडू नये. आधीच्या इयत्तेच्या पुस्तकाच्या शेवटच्या भागातली थोडी उदाहरणे मुलाला सोडवायला द्यावीत, जिथे ते अडेल तिथून सुरुवात करावी, रोज थोडा वेळ बसावे आणि एक पुस्तक धरले की वर्षाच्या मध्यात दुसऱ्यावर उडी मारू नये. काही पुस्तके एक विषय पुरा करूनच पुढे जातात आणि काही तोच विषय दरवर्षी थोडा-थोडा वाढवत नेतात, त्यामुळे उडी मारणाऱ्या मुलाचा एखादा विषय कायमचा सुटून जातो. भाच्यासाठी आम्ही बालभारतीचे तिसरीचे पुस्तक वजाबाकीपासून सुरू केले आहे. ज्यांनी परदेशी संचाचे पैसे आधीच भरले आहेत, त्यांनी तो टाकून देण्याची गरज नाही. त्यातली नाणी, मोजमापे आणि मोठ्या संख्यांचे लेखन हे तीन भाग तेवढे वगळावेत आणि ते आपल्या पुस्तकातून करून घ्यावेत.