नट एक्झिट घेत नाही

गाडी उत्तम चालत असताना तिचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणारा लोखंडी फाटा, उतरवून त्याजागी हेडर बसवायला घेणं हे विकतचं दुखणं. ते ठाण्यातल्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये करायचं म्हणजे दुखणं चारचौघांत मांडून बसणं. बॉनेट उघडल्यापासून पाच मिनिटांच्या आत तिसऱ्या मजल्यावरचे काका दुधाच्या पिशव्या हातात घेऊन शेजारी उभे असतात.

"काय रे, बिघडली का?"

"नाही काका, मस्त चालते."

"मग?"

या 'मग'ला धड उत्तर असतं तर अर्ध्या लोकांनी हे काम हातात घेतलंच नसतं.

काकांना पटेल असं सांगायचं तर ठाणे स्टेशनचा पूल आठवायचा. चार फलाटांवर चार गाड्या लागल्या आणि सगळ्यांना उतरायला मिळून एकच आखूड जिना, तसा कंपनीचा मॅनिफोल्ड. ओतीव लोखंडाचा, जड, टिकाऊ आणि बनवायला स्वस्त. हेडर म्हणजे प्रत्येक फलाटाला स्वतःचा जिना, शक्यतो सारख्याच लांबीचा. ते जिने खाली अशा बेताने मिळतात की एक लोंढा पुढे सरकला की मग दुसरा पोचतो. फोर-टू-वन हेडरमध्ये, म्हणजे चार पाइपांचे आधी दोन आणि मग एक होतो त्यात, 1 आणि 4 नंबरच्या सिलिंडरची जोडी, 2 आणि 3 ची जोडी, कारण फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2. जोडीतल्या दोघांच्या धुरात क्रँकच्या (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या) बरोबर एका फेऱ्याचं अंतर पडतं. पुढे गेलेला लोंढा मागे कमी दाबाची जागा सोडतो आणि ती पुढच्याला ओढून घेते. रेल्वेला हे अजून जमलेलं नाही.

"म्हणजे पिकअप वाढणार?" काका मुद्द्यावर येतात.

थोडा. 2000 साली आलेली होंडा सिटी 1.5 व्हीटेक घ्या, कारण हे उद्योग करणाऱ्यांची ती लाडकी. कागदावर 106 हॉर्सपॉवर, तीही 6800 आरपीएमला. नुसत्या हेडरने त्यात चार-पाचची भर पडली तरी देवाला नारळ फोडावा. शिवाय ती भर वरच्या आरपीएमला जास्त जाणवते आणि सकाळी नऊला घोडबंदर रोडवर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. पण हे काकांना सांगायचं नसतं.

खरेदी करताना पहिली फसवणूक स्टेनलेसची. '304 आहे', म्हणजे चांगल्या प्रतीचं, असं सगळेच म्हणतात. आपण खिशातून लोहचुंबक काढतो, तो चिकटत नाही, आपण खूश. पण 200 सीरिजच्या स्टीललाही लोहचुंबक चिकटत नाही. भांड्यांच्या दुकानातलं बरंचसं स्वस्त स्टील त्याच जातीचं असतं. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून ते लवकर गंजतं. मँगनीज दाखवणारं टेस्टिंगचं लिक्विड मिळतं. एक थेंब आणि लहान बॅटरी, रंग बदलला की दुकानदाराच्या चेहऱ्याचाही बदलतो. ही परीक्षा दुकानातच घ्यावी, घरी आणल्यावर तिचा उपयोग फक्त मनस्तापाला.

दुसरी गोष्ट फ्लँज, म्हणजे इंजिनच्या हेडला (वरच्या ठोकळ्याला) टेकणारी पट्टी. ती किमान 8, शक्यतो 10 मिलिमीटर जाड हवी. पाइप वेल्ड करताना पातळ फ्लँज पापडासारखी वाकते. सरळ स्टीलची पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, सरकवून बघायचं. गेज मधे कुठे आरामात शिरलं तर फ्लँज वागळे इस्टेटला, ठाण्याच्या कारखान्यांच्या वस्तीत, नेऊन सरफेस ग्राइंडिंग करून घ्यायची. आणि तिची भोकं हेडच्या भोकांइतकी किंवा किंचित मोठी हवीत. लहान असली तर धुराच्या वाटेत उंबरा तयार होतो आणि एवढा खर्च करून आपण गाडी आधीपेक्षा मंद करतो.

आता मूळ व्यथा. नवा हेडर बसवणं हे कामच नाही, तो तासाभरात बसतो. काम आहे जुना काढणं.

खाडीची दमट हवा आणि वीस-पंचवीस वर्षांचं गरम-थंड यांत मॅनिफोल्डचे नट आणि स्टड यांचं लग्न लागलेलं असतं. 8 मिलिमीटरचा स्टड, म्हणजे हेडमध्ये रुतलेला बिनडोक्याचा बोल्ट, त्यावर 12 च्या गोटीचा (सॉकेटचा) नट. कामाच्या आधी दोन रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवायचं. सोसायटीत ज्याच्या-त्याच्याकडे असतो तो डब्ल्यूडी-40 चा डबा दाराच्या बिजागरीला ठीक आहे, इथे तो तीर्थासारखा, पिणाऱ्याच्या समाधानापुरता. गंज सोडवणारं वेगळं ऑइल आणावं. गोटी सहा कोनी हवी. बारा कोनी गोटी गंजक्या नटावर घसरते, नटाचे कोपरे गोल करते आणि त्यानंतर तो नट नुसता सजावटीचा उरतो. तसा गोल झालेला असेल तर एक नंबर लहान गोटी हातोडीने ठोकून बसवायची. हे पुस्तकात नाही, पण चालतं.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढायचं. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवायची, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकाव. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली जाऊ नये. वॉचमन "साहेब, मी धरतो ना" म्हणाला तरी जाऊ नये. रेडिएटरचा पंखा उतरवायचा, कारण या होंडा सिटीत मॅनिफोल्ड पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या तोंडावर आहे. पंखा निघाल्यावर रेडिएटरच्या जाळीवर जाड पुठ्ठा लावायचा, नाहीतर पान्याचा एक टोला आणि दुसऱ्या दिवशी नव्या रेडिएटरचा शोध.

धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर 22 च्या पान्याने निघतो. त्याची वायर गोटीतून जात नाही म्हणून बाजूने चिरलेली खास गोटी मिळते, ती घ्यावीच. इंजिन किंचित कोमट असताना तो सुटतो, गार असताना रुसतो. खाली डाउनपाइपचे, म्हणजे मॅनिफोल्डपासून गाडीखाली जाणाऱ्या पाइपाचे, 14 चे नट. ते वाकून, पाठीवर झोपून, डोळ्यांत गंजाची भुकटी घेत काढायचे असतात. गॉगल घाला. इथे शौर्य नको.

मग येतो मॅनिफोल्ड. एकेक नट कुरकुरत सुटतो. कधी नटाबरोबर स्टडही आख्खा बाहेर येतो. ते शुभ समजावं, कारण परत बसवताना स्टडवर दोन नट एकमेकांना घट्ट लावून फिरवलं की काम होतं. आणि अखेरीस उरतो खालच्या रांगेतला कोपऱ्यातला एक. तिथे हात जातो तर डोळा पोचत नाही, डोळा जातो तर पान्याला फिरायला जागा नाही. गडकरी रंगायतनमध्ये नटाचं काम संपलं की तो एक्झिट घेतो, टाळ्याही मिळतात. या नटाला एक्झिट माहीत नाही. लांब एक्स्टेन्शन, त्यावर यूजे (वळता सांधा), त्यावर रॅचेट, रॅचेटच्या दांडीत पाइप. थोडा सैल करायचा, पुन्हा थोडा घट्ट करायचा, ऑइल मारायचं, परत सैल. असं पुढे-मागे करत राहिलं तर गंज आट्यांमधून निघत जातो. एका दमात ओढलं तर?

तर 'कट्'.

हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको. नट सुटल्यासारखा हलका होतो, अर्धा सेकंद आनंद होतो, मग हातात गोटी, गोटीत नट, नटात अर्धा स्टड. उरलेला अर्धा अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये, पृष्ठभागाशी समतल, चकचकीत. पंचवीस वर्षं गंजत राहिला आणि मोडतानाच त्याला चमकायचं सुचलं.

"काय झालं रे?" काका अजून तिथेच असतात. दूध एव्हाना नासत आलेलं.

अशा वेळी इझी-आउट नावाचा उलट्या आट्यांचा तुकडा वापरायचा मोह होतो. मोडलेल्या स्टडमध्ये भोक पाडा, तो ठोका, उलटा फिरवा, बाहेर. कागदावर. प्रत्यक्षात भोक मध्यावर पडत नाही, आणि बारीक इझी-आउट आतच मोडला की त्याचं पोलाद इतकं कडक की साधं ड्रिल त्यावर नुसतं नाचतं. त्यापेक्षा वेल्डर गाठावा. मोडक्या स्टडच्या डोक्यावर नट ठेवून आतून वेल्ड मारतात. वेल्डची उष्णता गंजाची पकड सैल करते आणि नट पान्याने फिरवला की मागोमाग स्टड येतो. हे सगळं नेहमी शनिवारी संध्याकाळी घडतं, आणि रविवारी वागळे इस्टेटमध्ये बहुतेक शटर खाली. वेल्डर सोमवारी येतो, गाडी तोवर घोडीवर, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा फोटो. आटेच गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे. ते काम लेथवाल्याकडूनच करून घ्यावं.

जुनं निघालं की भोकांत स्वच्छ फडकी कोंबून हेडचा पृष्ठभाग साफ करायचा. पितळी ब्रश किंवा प्लास्टिकची पट्टी. ग्राइंडरला लावलेली चकती नाही, ती अॅल्युमिनियम खाते. फडकी नंतर मोजून बाहेर काढायची. एक आत राहिलं तर पुढचा लेख तुम्ही लिहाल.

आता हेडर. पाइप आधी थिनरने पुसायचे आणि मग हातमोजे घालून धरायचे. तेलकट बोटांचे ठसे पहिल्या उष्णतेत स्टेनलेसवर कायमचे उमटतात. हेड आणि फ्लँज यांच्या मधलं पॅकिंग स्टीलच्या अनेक थरांचं चांगलं, आणि त्यावर सिलिकॉनची ट्यूब पिळू नये. सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर मारते. सगळे नट आधी हाताने लावायचे, मग मधल्यापासून सुरू करून आळीपाळीने बाहेरच्या कडांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, शेवटी टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) 31 न्यूटन-मीटर. डाउनपाइपचे 54, सेन्सर 44. 'अंदाज आहे मला' म्हणणाऱ्याचा अंदाज पुन्हा 'कट्' ऐकवतो.

मग लक्षात येतं की ऑइलची डिपस्टिक जिथून जाते तिथूनच हेडरचा तिसरा पाइप जातो. तिची नळी जरा वाकवावी लागते. रेडिएटरच्या पंख्यात आणि पाइपात बोट जाईल एवढी फट दिसते म्हणून हुरळून जाऊ नये. इंजिन रबरी माउंटिंगवर उभं आहे, अॅक्सिलेटर दिला की ते डुलतं. शिवाय अर्धा मीटर लांब 304 चा पाइप 500 अंशांनी तापला तर सव्वाचार मिलिमीटर वाढतो. थंड गाडीत दिसणारी फट गरम गाडीत दिसेलच असं नाही. पुढे फ्लेक्स पाइप, म्हणजे लवचिक तुकडा, नसेल तर इंजिनचं ते डुलणं सरळ वेल्डवर येतं, आणि पाइप तिथेच तडकतो. खालची उंचीही बघावी. कलेक्टर, म्हणजे सगळे पाइप एकत्र येतात तो भाग, जिथे लोंबतो तिथे सोसायटीतल्याच एका स्पीडब्रेकरशी त्याची गाठ पडते.

पहिल्यांदा चालू करताना गाडी उघड्यावर घ्यावी, स्टिल्टच्या कोंडलेल्या जागेत नको. धूर निघेल, घाबरू नका, राहिलेलं तेल जळतंय. फायर एक्स्टिंग्विशर जवळ हवा आणि सेक्रेटरी शक्यतो लांब. पाइप आधी पिवळसर, मग सोनेरी, मग निळे होतात. त्या दहा मिनिटांत खर्च, सोमवारची रजा, पाठ, सगळं विसरायला होतं.

मग कान लावायचा. गार इंजिनवर घड्याळासारखी टिक-टिक ऐकू आली तर पॅकिंग गळतंय. सायलेन्सरचं तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबून धरलं की गळती मोठ्याने बोलते. ती सोडून द्यायची गोष्ट नाही. सेन्सरच्या आधी गळती असेल तर तिथून हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल सोडतो. पिकअपसाठी घेतलेल्या हेडरने अॅव्हरेज घालवलं, असं मग घरोघरी सांगितलं जातं.

काही गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डच्या लगेच खाली असतो आणि हेडरबरोबर तो गुपचूप गायब होतो. तो परत बसवायचाच. भारत स्टेज 2 च्या पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्क्याच्या आत लागतो. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत मनासारखे बदल करण्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून हेडरच्या खोक्याकडे पाहिलं तर खोकं थोडं ओशाळल्यासारखं दिसतं.

दुसऱ्या दिवशी गाडी पूर्ण गार झाल्यावर सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासायचे. पॅकिंग बसतं, नट किंचित सैल होतात. आणि लावतानाच आट्यांवर तांब्याचं अँटी-सीझ, म्हणजे नट पुन्हा जाम होऊ न देणारं वंगण, चोपडलेलं बरं, मात्र मग टॉर्क थोडा कमी ठेवायचा, कारण निसरड्या आट्यांवर तेवढ्याच जोराने नट जास्त आवळला जातो. सेन्सरच्या आट्यांवरही तेच, टोकाला लागू न देता.

हे अँटी-सीझ नव्या हेडरच्या प्रेमापोटी नाही. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, ठाण्याची एमएच-04 असो की नवी मुंबईची एमएच-43. तपासणीला गाडी न्यायची तर कंपनीचा मॅनिफोल्ड परत बसवून न्यायची. म्हणून तो गंजका ठोकळा पुसून, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून घरच्या माळ्यावर जातो, दिवाळीच्या कंदिलाशेजारी.

"हे भंगारात द्यायचं ना?" खालून विचारणा होते.

"नाही, लागणार आहे."

"कधी?"

"पाच वर्षांनी."

"मग?"