आत्या, तो लाल रंग रक्ताचा नाहीये

आत्यानं सकाळी साडेसहाला फॅमिली ग्रुपवर टाकलं, खाली हात जोडलेले तीन. मेसेज असा की इंग्रज गव्हर्नर अन् सेनापतींच्या ऑइल पेंटिंगमधले लाल कोट आपल्या सैनिकांच्या रक्तानं रंगवलेत, म्हणे लंडनात डीएनए टेस्ट झालीय. चित्रकार जागेवर उभं राहून काढायचे म्हणून ती चित्रं म्हणजे पुरावाच. आणि सोलापूर घेणाऱ्या इंग्रज सेनापती मन्रोचं पोर्ट्रेट आपल्या सोलापूरच्या भुईकोटातच काढलं. दुपारपर्यंत भाचीनं ते शाळेच्या प्रोजेक्टात उतरवलं, नाहीतर मी गप्प बसलो असतो.

आधी रक्ताचं. अगं आत्या, तुझं अख्खं आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात सुताच्या डाईंगशेजारी गेलं, बोट कापून टॉवेलला रक्त लागलं तर दुसऱ्या दिवशी कसं दिसतं? तपकिरी, चहा सांडल्यासारखं. मग दोनशे वर्षांनी कोटावर ते लालभडक कसं राहील? तेव्हाचा लाल बहुतेक हिंगुळाचा, म्हणजे पारा अन् गंधक, नाहीतर कोचिनील नावाच्या किड्याचा, आणि तो जवसाच्या तेलात घोटायचे. रक्त म्हणजे बहुतेक पाणीच, ते तेलात घोटायचं कसं? टेस्ट केलेल्या लॅबचं नाव तरी टाकायचं की.

आता पुरावा. बेंजामिन वेस्ट नावाच्या चित्रकाराचं एक मोठं चित्र आहे, बादशहा शाह आलम ईस्ट इंडिया कंपनीच्या क्लाइव्हला बंगालच्या दिवाणीचं, म्हणजे महसूल गोळा करण्याच्या हक्काचं, फर्मान देतोय. उंच सिंहासन, हत्ती, मागं घुमट, सगळा थाट. प्रत्यक्षात १७६५ साली अलाहाबादला हे क्लाइव्हच्या तंबूत झालं, आणि सिंहासन म्हणजे जेवणाच्या टेबलावर ठेवलेली खुर्ची! वेस्टनं ते रंगवलं नंतर बऱ्याच वर्षांनी, आणि तो हिंदुस्तानात कधी आलाच नव्हता. असला पुरावा वकिलाला दाखवा, हसेल.

बरं, एवढं मान्य की रॉबर्ट होम हा चित्रकार टिपूविरुद्धच्या मोहिमेत इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेबरोबर खरंच हिंडला होता. पण एकटा होम म्हणजे सगळे नव्हेत.

मन्रोनं मे १८१८ मध्ये सोलापूर घेतलं हे खरंय. पण त्याचं नावाजलेलं पोर्ट्रेट मार्टिन आर्चर शीचं, आणि तो लंडनचा चित्रकार, भुईकोट त्यानं स्वप्नातही बघितला नसेल.

भाचीला सांगितलंय, ते रक्ताचं पान फाड आणि तिथं टेबलावरची खुर्ची काढ. ती विचारतेय, टेबलाला पाय किती काढू.