रूल बरोबर, काउंटर बरोबर, पॅकेट गायब!

रात्री साडेअकराला राउटर अपग्रेड करायला घेतला, पहाटे साडेतीनला त्याच्यासमोरून उठलो. कशासाठी? पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे बाहेरून आलेलं कनेक्शन आतल्या मशीनकडे वळवायच्या, एका रूलसाठी!

यावेळी ठरवलंच होतं, आयपीटेबल्स, म्हणजे लिनक्सची जुनी फायरवॉल, बास, सगळं तिच्या जागी आलेल्या एनएफटीत नव्याने लिहायचं. लिहिलं. वर फ्लश रूलसेट, म्हणजे आधीचे रूल पुसायची कमांड, लोड केलं, एकही एरर नाही. बाहेरून कनेक्शन मारलं की फॉरवर्ड चेनमधल्या (राउटरमधून पलीकडे जाणाऱ्या पॅकेटांच्या रूलयादीतल्या) ॲक्सेप्टचा काउंटर वाढतोय. एक, दोन, तीन. डोळ्यांनी बघतोय मी! टीसीपीडंपमध्ये, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणाऱ्या टूलमध्ये, बाहेरच्या इंटरफेसवर सिन (कनेक्शनचं पहिलं पॅकेट) येतोय आणि आतल्या इंटरफेसवर शुकशुकाट. रूलसेट पुन्हा वाचला, राउटिंग बघितलं, आयपी फॉरवर्ड बघितलं, केबलसुद्धा काढून लावली. शेवटी वैतागून, हाताच्या सवयीने, जुनी आयपीटेबल्सची लिस्ट मारली आणि खाली एक ओळ आली: लेगसी टेबल्स आहेत, बघायला आयपीटेबल्स-लेगसी वापरा.

मागच्या अपग्रेडला मीच बूट स्क्रिप्टमध्ये लेगसी-रिस्टोअर, म्हणजे जुने रूल परत चढवणारी कमांड, टाकलं होतं. त्यात फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप, म्हणजे कुठल्याच रूलात न बसलेलं पॅकेट टाकून द्या. एनएफटीने सोडलेलं पॅकेट तिथे मरत होतं. फ्लश रूलसेट त्या टेबलांना हातही लावत नाही!

मग ती लेगसी टेबल्सची वॉर्निंग एनएफटीच्या लिस्टमध्ये का नाही? 'जुनं सोडा, हेच वापरा' म्हणून ज्याच्याकडे ढकललंत, तेच तोंड मिटून बसतं! आणि आयपीटेबल्स नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी, एक खरी जुनी लेगसी आणि एक आतून एनएफटी वापरणारी, ओळखायच्या कशावरून, तर व्हर्जनपुढच्या कंसावरून. लिनक्सच्या 2.4 कर्नलमध्ये आयपीचेन्सचं, म्हणजे आयपीटेबल्सच्याही आधीच्या फायरवॉलचं, मॉड्यूल चढलेलं असेल तर आयपीटेबल्सचं चढायचंच नाही. तोंडावर एरर. सरळ व्यवहार होता तो. एनएफटी 2014 साली 3.13 कर्नलमध्ये आलं, इतक्या वर्षांनीही ते आणि लेगसी आयपीटेबल्स एकाच हुकवर (कर्नलमधल्या पॅकेट तपासायच्या जागेवर) गुपचूप शेजारी बसतात.

जुने आयपीटेबल्सचे रूल एनएफटीत ट्रान्सलेट करणारं टूलही तसलंच. जो रूल जमत नाही तो कॉमेंट करून ठेवतं. फाईल विनातक्रार लोड होते आणि तुमचा रूल हॅशमागे पडलेला. फायरवॉलमध्ये! डॉकरसारख्या कंटेनरवाल्यांचं तर नावच काढू नका, फॉरवर्डची पॉलिसी परस्पर ड्रॉप करून मोकळे होतात.

स्क्रिप्टमधली ती ओळ उडवली, रीबूट केलं, पहिल्याच फटक्यात आतल्या इंटरफेसवर सिन दिसला. चार तास गेले माझे. एक वॉर्निंग छापायची होती फक्त!