‘ज्या भाषेत कुणी जन्मलं नाही ती शिकायची कशाला?’ : सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली आणि सोमवारी सकाळी एका साठेखतात पूर्वेची चतुःसीमा पश्चिमेला टाइप केली. म्हणजे लागली. म्हणून दोन ओळीत आभार मानून सुटण्यापेक्षा नीट उत्तर देते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी तिचा गोषवारा. लोजबान ही तर्काच्या नियमांवर मुद्दाम रचलेली भाषा शिकतेय, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर सर म्हणतात: ‘ताई, कुसुमाग्रजांच्या गावात राहून ज्या भाषेत एकही माणूस जन्मला नाही ती भाषा शिकणं हे रिकामटेकडेपणाचं लक्षण. तर्कशुद्ध भाषा हवी असेल तर संस्कृत आहे, नासानेही ते मान्य केलं आहे. संदिग्धता मुळीच नसलेली भाषा हा दावाच हास्यास्पद. आणि एवढाच वेळ असेल तर आपल्याच जिल्ह्यातली अहिराणी शिका.’ खाली सही, ‘एक निवृत्त भाषाशिक्षक’. शेवटी एक आव्हानही आहे, त्याच्याकडे शेवटीच येते.

रिकामटेकडेपणाबद्दल एवढंच, की मी अठरा वर्षं जिल्हा न्यायालयासमोर एका वकिलांच्या ऑफिसात दस्त टाइप करते. भाडेकरार, साठेखत, खरेदीखत, प्रतिज्ञापत्र. संध्याकाळी नाशिकची सिटीलिंक बस द्वारका चौकात अडकते. लोजबान तिथे शिकले. द्वारकेचा चौक ज्यांना माहीत आहे ते सांगतील, तेवढ्या वेळात दोन भाषा होतील.

आता नासा. सर, हे वाक्य तुमच्यासारख्यांच्या तोंडी आलं की मला हळहळ वाटते, कारण त्यामागची खरी गोष्ट जास्त सुंदर आहे. 1985 मध्ये रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने ‘एआय मॅगझिन’मध्ये एक लेख लिहिला. तो नासाच्या एम्स केंद्रात काम करत होता, पण लेख त्याचा स्वतःचा, नासाचा ठराव नव्हे. आणि त्याचा विषय रोजची संस्कृत नव्हताच. वैयाकरण एखादं वाक्य फोडून त्यातली कारकं वेगळी मांडतात, ती पद्धत त्याला यंत्राला ज्ञान पुरवण्याच्या पद्धतीसारखी वाटली. त्याचं उदाहरण तुम्हाला आवडेल: मैत्र मैत्रीखातर देवदत्तासाठी भांड्यात, विस्तवावर भात शिजवतो. कोण, काय, कुणासाठी, कशात, कशावर, कशापोटी. सगळं सुटं करून मांडलेलं. नव्यन्याय या भारतीय तर्कशास्त्राच्या शाखेतल्या पंडितांनी तर ‘अवच्छेदक’, ‘अवच्छिन्न’ करत संस्कृतातच एक वेगळी संस्कृत घडवली, मुद्दाम, संदिग्धता काढायला. त्या भाषेतही कुणी जन्मलं नाही, सर. नव्यन्यायात कुणी आईकडे जेवायला मागितलं नसेल.

लोजबानची जन्मकथा मात्र थेट आमच्या कोर्टाच्या आवारातली वाटते. अमेरिकेत जेम्स कुक ब्राउन यांनी 1955 मध्ये ‘लॉगलान’ नावाची भाषा रचायला घेतली. भाषा बदलली तर विचार बदलतो का, हे तपासायचं होतं. 1960 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यावर लेख आला, माणसं जमली, आणि मग भावकी सुरू झाली. भाषेवर हक्क कुणाचा? ब्राउन म्हणाले शब्द माझे. तेव्हा 1987 मध्ये काही जण वेगळे झाले, व्याकरणाचा सांगाडा ठेवला आणि शब्द सगळे नव्याने पाडले. तीच लोजबान. वाद ‘लॉगलान’ या नावाच्या ट्रेडमार्कवरून कोर्टात गेला आणि 1992 मध्ये निकाल लागला, की हे सर्वसाधारण नाव आहे, त्यावर कुणा एकाची मालकी चालणार नाही. बांधावरून भांडणारे भाऊ मी रोज बघते. भाषेच्या सातबाऱ्यावरून भांडणारे हेच पहिले. (1987 चंच ज्ञानपीठ तात्यासाहेबांना, म्हणजे कुसुमाग्रजांना. त्याचा याच्याशी संबंध काहीच नाही, पण तुम्ही त्यांचं नाव काढलंत म्हणून आठवलं.)

नवे शब्द पाडताना चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी या सहा भाषांतले आवाज बोलणाऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात मिसळले. साडेतेराशेच्या आसपास मूळ शब्द, सगळे रोमन लिपीतल्या पाच अक्षरांचे. पैशाच्या एककाला ‘रुप्नु’, चहाला ‘चाती’, प्रेम करण्याला ‘प्रामी’. आणि ‘मी’ म्हणजे चक्क मी. लिहितात रोमन लिपीत, पण इथे सोयीसाठी देवनागरीच ठेवते. व्यक्ती-गावांच्या नावांचा शेवट व्यंजनाने व्हावा लागतो, त्यामुळे ‘नाशिक’ आहे तसं आत जातं आणि पुण्याला शेपूट जोडावं लागतं. हे मी पुण्याच्या मावसबहिणीला आवर्जून कळवलं.

ज्या शब्दावर मी अडकले तो ‘वेश्नु’. विकणे. या शब्दाला चार जागा आहेत: पहिली विकणाऱ्याची, दुसरी मालाची, तिसरी घेणाऱ्याची, चौथी किमतीची. बसमध्ये हे वाचलं आणि मोठ्याने हसले. हे तर खरेदीखत! लिहून देणार, मिळकत, लिहून घेणार, मोबदला. ‘मी गाडी विकली’ म्हटलं की मराठीत वाक्य झालं. लोजबानमध्येही होतं, पण कुणाला आणि कितीला या दोन जागा छापील फॉर्मवरच्या टिंबांच्या रेघेसारख्या दिसत राहतात. भरायच्या तर भरा, नाही तर कोऱ्या सोडा. पण कोऱ्या सोडल्यात हे तुम्हाला माहीत असतं. आणि गंमत पुढे आहे. शब्दाआधी ‘ते’ लावला की पहिली आणि तिसरी जागा आपसात बदलतात. ‘ते वेश्नु’ म्हणजे विकत घेणं. तोच दस्त, लिहून घेणाराच्या बाजूने वाचलेला. ‘से’ लावला तर माल पुढे येतो, ‘वे’ लावला तर किंमत. खरेदीला वेगळा मूळ शब्दच केलेला नाही.

तुम्ही वर्गात स-ला-ते, ने-ए-शी घोकून घेतलं असेल. माझी बस घ्या: मी नाशिकरोडहून सीबीएसला द्वारकेवरून बसने जाते. ‘हून’, ‘ला’, ‘वरून’, ‘ने’. लोजबानच्या ‘क्लामा’ला, म्हणजे जाण्या-येण्याला, नेमक्या याच पाच जागा: जाणारा, कुठे, कुठून, कोणत्या वाटेने, कशाने. पण प्रत्यय नाहीत, फक्त क्रम. आणि प्रत्येक शब्दाचा क्रम निराळा, तो पाठ करायचा. तुमच्या बाजूचा मुद्दा मीच देते, सर: आपला ‘हून’ कुठल्याही क्रियापदाला लागतो, तिथे मात्र ‘कुठून’ची जागा एका शब्दात तिसरी तर दुसऱ्यात चौथी. हे मला अजून पचलेलं नाही. पाणिनीची सहा कारकं परवडली.

संदिग्धता मुळीच नाही, असा दावा ती भाषा करतच नाही. दावा एवढाच की वाक्याची फोड एकच निघेल. शब्दाच्या अर्थाची हमी नाही. फरक सांगते. ‘छोट्या मुलींची शाळा’ आणि ‘मुलींची छोटी शाळा’ यात मराठीचा गोंधळ होत नाही, विशेषणच सांगतं आपण कुणाचे. पण ‘लहान मुलींची शाळा’ म्हणा. ‘लहान’ बदलत नाही, त्यामुळे मुली लहान की शाळा, हे ऐकणाऱ्यावर. लोजबानमध्ये ‘श्मालु निख्ली श्कुले’ म्हटलं की नियमाने पहिले दोन शब्द एकत्र बांधले जातात, लहानपण मुलींकडे जातं. शाळा लहान असेल तर मध्ये ‘बो’ घालून शेवटचे दोन बांधायचे: ‘श्मालु निख्ली बो श्कुले’. मुलींसाठीची शाळा, मुलींनी चालवलेली, की मुलींच्या आकाराची, हे तिथेही मोकळंच. मुद्दाम मोकळं ठेवलेलं.

ही बांधाबांध मला इतकी का भावली, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका भाडेकरारात मी टाइप केलं होतं: ‘भाडे किंवा वीजबिल सलग दोन महिने थकल्यास घर रिकामे करून द्यावे लागेल.’ भाडेकरूचं जूनचं भाडं राहिलं, जुलैचं वीजबिल राहिलं. मालक म्हणाले, दोन महिने थकबाकी आहेच. भाडेकरू म्हणाला, भाडं एकच महिना, बिल एकच महिना, दोन कुठलंच नाही. दोघंही बरोबर! तीन आठवडे माझ्याच टेबलासमोर वाद चालला, आणि वाक्य माझं होतं. लोजबानमध्ये ‘दोन महिने’ आधी येतं की ‘किंवा’ आधी, त्यावर अर्थ ठरतो. लिहिणाऱ्याला निवडावंच लागतं. तेव्हापासून मराठीत ‘किंवा’ टाइप करताना माझं बोट थांबतं. आता लिहिते: ‘भाडे सलग दोन महिने थकल्यास, अथवा वीजबिल सलग दोन महिने थकल्यास’. एक ओळ वाढते, पण भांडण एक कमी होतं.

लोजबान शिकून माणूस तर्कशुद्ध होतो, असं मी म्हणणार नाही. ब्राउनना जे तपासायचं होतं ते काही सिद्ध झालेलं नाही, आणि मी घरी अजून तितक्याच अतार्किकपणे भांडते. पण मराठी ऐकू यायला लागली हे नक्की. कसं, ते बघा. त्या भाषेत छोटे शब्द आहेत, आपण बोलतोय ते कुठून कळलं हे सांगणारे. ‘ज़ाहा’ म्हणजे मी स्वतः बघतेय. ‘तिहे’ म्हणजे ऐकीव. ‘पेही’ म्हणजे माझ्या मते. मी तिहे पाठ करत बसले होते, आणि शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, ‘शनिवारी पाणी येणार नाही म्हणे.’ म्हणे! चाळीस वर्षं ऐकतेय हा शब्द, कधी दिसलाच नव्हता. काकूंनी बातमीही दिली आणि हमी घेतली नाही. प्रतिज्ञापत्राच्या शेवटी आम्ही ‘माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे’ एवढं लांबलचक लिहितो, ते काकू दोन अक्षरात उरकतात.

तसंच ‘आम्ही’ आणि ‘आपण’. समोरच्याला धरून की सोडून, हे मराठी सांगते, इंग्रजीचा ‘वुई’ सांगत नाही, हिंदीचा ‘हम’ही नाही. लोजबान बनवणाऱ्यांनी हा भेद मुद्दाम घातला: ‘मिहो’ म्हणजे तुम्ही आणि मी, ‘मिहा’ म्हणजे मी आणि माझे, तुम्ही नाही. आपल्याला हे पाळण्यात मिळालं. (‘आपण नाही बुवा कुणाला घाबरत’ यातला एकट्याचा ‘आपण’ मात्र त्यांना सुचला नाही. तो अस्सल आपलाच.) आणि तुमची केवलप्रयोगी अव्ययं! ‘उई’ आनंदाला, ‘ओय’ कुरकुरीला, ‘उए’ आश्चर्याला. पुढे ‘शाय’ जोडला की भावना तीव्र, ‘रुहे’ जोडला की सौम्य. ‘ओय शाय’ मी बसमध्ये रोज म्हणते.

तुमचा एस्परांतोचा उल्लेखही होता. ती जगाने एकमेकांशी बोलावं म्हणून निघालेली, 1887 ची. लोजबानला तशी महत्त्वाकांक्षा नाही, त्यामुळे कुणी बोलत नाही हा तिचा पराभव म्हणता येत नाही. तरी खरं सांगायचं तर नाशिकमध्ये मला बोलायला कुणी भेटलेलं नाही, आणि कोश उघडल्याशिवाय चार ओळी अजून लिहिता येत नाहीत.

राहिली अहिराणी. इथे तुम्ही मला पकडलंत. माझ्या आईचं माहेर सटाण्याचं. आजी ‘आहे’ला ‘शे’ म्हणायची, अहिराणीतच रागवायची. मला सगळं कळायचं आणि मी उत्तर मराठीत द्यायचे, कारण शाळेत मुली हसायच्या. आजी गेली. आई अजून बोलते, पण माझ्याशी नाही, मामाशी, फोनवर. याला माझ्याकडे युक्तिवाद नाही. लोजबान सोडून अहिराणी शिका, हे मला पटत नाही. दोन्हीतलं एक उचलायची सक्ती कुणी केलेली नाही. पण आधी कुठली शिकायला हवी होती, हे तुम्ही बरोबर सांगितलंत.

आता तुमचं आव्हान: ‘त्या भाषेत गोदाकाठी बसून चहा पिऊ या, एवढं तरी म्हणता येतं का?’

येतं. ‘ए हु मिहो पिंखे लो चाती वि ला गोदावारिस.’ पहिला ‘ए हु’ म्हणजे ‘या की, करू या’. मग मिहो, तुम्हाला धरून. नदीच्या नावाला शेवटी ‘स’ लावावा लागला, त्याबद्दल क्षमा असावी. ‘पिंखे’ला तिसरीही जागा आहे, कशातून प्यायचा त्याची. ती कोरी सोडलीय. कप, काचेचा ग्लास की कुल्हड, ते तुम्ही भरा. कधी, हेही वाक्यात नाही, कारण तिथे काळ सांगायची सक्ती नसते.

मला परवा पाच वाजता जमेल. येणाऱ्या परवा, सर.