खोटं बोल, पण सुरात बोल

एकटीनं साधारण चाळीस मिनिटं गायचं, आधी थापा मारायच्या, मग त्याच कबूल करायच्या, आणि समोर कोण? तर टेलिफोन! फ्रेंच संगीतकार पुलँकच्या ‘ला व्वा युमेन’ (‘मानवी आवाज’) या एकपात्री ऑपेराची तालीम म्हटली की मला वाटतं, यापेक्षा वीस पात्रांचा गोंधळ परवडला. कोरस गात असताना निदान घोटभर पाणी तरी पिता येतं.

१९५९ मध्ये पॅरिसच्या ओपेरा-कोमीक नाट्यगृहात हा ऑपेरा पहिल्यांदा झाला. शब्द फ्रेंच लेखक झाँ कॉक्तोचे. सोडून गेलेल्या प्रियकराला बाई फोनवर ठणकावून सांगते: मैत्रिणीकडे, मार्तकडे जेवून आले, गुलाबी ड्रेस घातलाय, झोपेची एकच गोळी घेतली. मग उसवायला लागतं. जेवण नाही, ड्रेस नाही, आणि गोळ्या बारा.

घोटाळा थापांपाशीच होतो. नवखी गायिका थाप मारताना डोळे फिरवते, सूर लाडात आणते. प्रेक्षक पाचव्या मिनिटाला सगळं ओळखून बसतात. मग पुढे कबूल काय करणार, कपाळ? खोटं बोल पण रेटून बोल, हे इथे अक्षरशः पाळायचं. थाप सपाट, बिनधास्त गायची. अडखळायचं ते खरं बोलताना.

पलीकडचा गृहस्थ आपल्याला ऐकूच येत नाही. त्याची वाक्यं छापलेली नसतात. ती आपणच पेन्सिलीनं स्वरलिपीत लिहायची, ‘हं’ आणि ‘बरं’सकट. नाही लिहिली, तर विरामात गायिका ऐकत नाही, मात्रा मोजते. मोजणारा चेहरा मागच्या रांगेतूनही हिशेबनिसाचाच दिसतो! विराम किती ताणायचे ते ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरनं गायिकेबरोबर आधीच बारकाईनं ठरवावं, असं पुलँकनं लिहून ठेवलंय. ‘ऐनवेळी बघू’ म्हणणाऱ्यांनी ते मोठ्यानं वाचावं.

बराच भाग साथीशिवाय आहे. तिथे सूर अर्धा उतरला तरी कुणाला पत्ता लागत नाही. ऑर्केस्ट्रा परत आला की मात्र चोरी उघडी पडते.

फोनची घंटा वाजवतो रंगमंचापुढच्या खड्ड्यातल्या (पिटमधल्या) ऑर्केस्ट्राचा झायलोफोन, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य. रिसीव्हर लवकर उचलला, तर कानाला लावलेला फोन वाजतच राहतो. आणि वायर! शेवटी ती गळ्याभोवती गुंडाळायची असते, म्हणून लांब हवी. लांब म्हटली की पलंगाच्या पायात अडकणार, आणि टेबलावरचा फोन धाडकन खाली. तो उचलायला दुसरं पात्र येणार नसतं. गाता गाता तिनंच वाकायचं.