‘दुकानदारी’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, टोपणनावाने लिहिलंत, तरी उत्तर देतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं, की युनिसेफसारख्या मोठ्या संस्था आणि छोटे सामाजिक उद्योग, म्हणजे लोकांच्या गरजेच्या वस्तू-सेवा विकून चालणारे, एकमेकांना पूरक असतात. त्यावर तुम्ही लिहिता: ‘मोठ्या संस्था फुकट देतात, हे लोक विकतात. गरिबांच्या नावावर दुकानदारी चाललीय आणि तुम्ही तिचे भाट.’ शिवाय मायक्रोफायनान्सवाल्यांची वसुली, आणि ‘एसीत बसून लिहिणं सोपं असतं’.

लेख लांबला, कबूल. पण भाट? पारावर समोरासमोर बसलो असतो तर असं बोलला असता का? मुद्दा खोडायचा तर खोडा, माणसाची लायकी कशाला काढता?

आता ते ‘फुकट’. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावचा हापसा सरकारी, म्हणजे फुकटचाच. माझे वडील हापसे दुरुस्त करायचे, पाने धरायला मी. वायसर झिजला की दांडा नुसता वर-खाली होतो, पाणी येत नाही. तळहातात मावेल एवढा तो वायसर. पण तो बदलायला या हापशाचे सगळे पाइप एकेक करून वर ओढावे लागतात. फुकट देणारे तोवर कधीच निघून गेलेले असतात. वडील मजुरी घ्यायचे, आणि पुन्हा बिघडला की लोक त्यांनाच धरायचे. हापसा बंद पडला की बाया बोरी नदीच्या वाळूत झिरे उकरत बसायच्या, ते मी पाहिलंय. तुम्ही पाहिलंय का, माहीत नाही.

आणि हा हापसा आला कुठून? जुने ओतीव लोखंडाचे पंप सारखे मोडायचे, म्हणून सोलापूरच्या एका मिशनच्या वर्कशॉपने मजबूत पोलादी पंप बनवला. १९७०च्या दशकात युनिसेफने तो नमुना उचलला, मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीबरोबर सुधारला. तोच इंडिया मार्क टू. देशभर बसला, आफ्रिकेतही गेला. वर्कशॉपच्या बळावर तो एवढा पसरला नसता, आणि युनिसेफला तो कागदावर सुचला नसता. पूरक म्हणजे आणखी काय असतं?

मायक्रोफायनान्सचा लेखात उल्लेखच नव्हता, तेव्हा ते राहू द्या. विकणारा म्हणजे लुटारूच असं वाटत असेल तर मदुराईच्या ऑरोलॅबची माहिती काढा. मोतीबिंदूच्या परदेशी लेन्स गरिबाला परवडत नव्हत्या, त्या त्यांनी १९९२पासून इथेच बनवून स्वस्तात विकल्या.

एसीचं म्हणाल, तर मे महिन्यात आमच्याकडे दुपारी पंख्यापुरती लाइट असली तरी खूप झालं.