अडुसष्ट अंशांचं भांडण

न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला नुसती थंडी वाजून उपयोग नसतो. थंडी काय, कोणालाही वाजते. दातांवर दात आपटणं, नाकाचा शेंडा लाल होणं, दोन स्वेटरांवर तिसरा चढवून गाठोड्यासारखं सोफ्यात बसणं, ही कायद्याच्या लेखी तुमची खासगी बाब आहे. कायद्याला कळतो फक्त आकडा, आणि तो आकडा आहे 68.

नियम असा आहे. 1 ऑक्टोबर ते 31 मे हा शहराचा 'हीट सीझन'. या काळात सकाळी 6 ते रात्री 10 च्या दरम्यान बाहेरचा पारा 55 अंश फॅरेनहाइटच्या खाली गेला, तर मालकानं घरात किमान 68 अंश ठेवायला हवेत. रात्री 10 ते सकाळी 6 बाहेर काहीही असो, घरात किमान 62. सेल्सिअसवर वाढलेल्यांसाठी हिशेब सांगतो: 55 म्हणजे तेराला थोडे कमी, 68 म्हणजे बरोब्बर 20, आणि 62 म्हणजे साडेसोळाच्या जरासे वर. नळाचं गरम पाणी मात्र बारा महिने, चोवीस तास, किमान 120 अंशांचं.

यातली रात्री दहाची वेळ माझ्या विशेष आवडीची. 9 वाजून 59 मिनिटांनी घरात 64 अंश असतील, तर तुम्ही अन्यायग्रस्त नागरिक. दोन मिनिटांनी त्याच खोलीत, त्याच 64 अंशांत, त्याच पांघरुणात तुम्ही नुसतेच एक कुडकुडणारे इसम. ऑक्टोबरातल्या दुपारी तर याहून गंमत. बाहेर 56, घरात 60, आणि मालकावर काडीचं बंधन नाही. 'देवा, बाहेरची थंडी अजून थोडी वाढू दे' असं साकडं घालणारा प्राणी जगात एकच, तो म्हणजे न्यूयॉर्कचा भाडेकरू.

म्हणून पहिली खरेदी हीटरची करू नका, थर्मामीटरची करा. साधा डिजिटल चालतो. तो ठेवायचा कुठे, यावर अर्धी लढाई आहे. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलात तर मालक म्हणणार, हे तर बाहेरचं तापमान. शेगडीजवळ किंवा रेडिएटरवर, म्हणजे खोली तापवणाऱ्या लोखंडी सांगाड्यावर, ठेवलात तर तुम्ही स्वतःच मालकाची बाजू लढवताय. खोलीच्या मधोमध, साधारण छातीच्या उंचीवर, उन्हापासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. मग वही घाला: तारीख, वेळ, कोणती खोली, आतला आकडा, बाहेरचा आकडा. दिवसातून तीन-चार वेळा, त्यातली एक सकाळी सहानंतर लगेच आणि एक रात्री दहाच्या आधी. थर्मामीटरचा फोटोही काढा. दुधाचा, वाण्याचा हिशेब आपण कधी लिहीत नाही, पण स्वतःच्या कुडकुडण्याची रोजकीर्द लिहावी लागते. ज्यानं 'जानेवारीत घर बर्फासारखं होतं' एवढंच लिहिलं, तो कवी झाला. ज्यानं '14 तारीख, सकाळी 7, हॉल 59, बाहेर 31' असं लिहिलं, त्याची दाद लागते.

आता तक्रारीआधी एक तपास. थंड काय आहे, एकटा तुमचा रेडिएटर की अख्खी इमारत? हे जिन्यात शेजाऱ्यांना विचारून कळतं, आणि त्या निमित्तानं तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांची नावंही कळतात.

इमारतभर बोंब असेल, तर दुखणं तळघरात आहे. बॉयलरमधलं, म्हणजे रेडिएटरांना वाफ पुरवणाऱ्या टाकीतलं, पाणी कमी झालं की तो सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो, कधी तेल संपलेलं असतं, कधी टायमर चुकीचा लावलेला असतो. तिथे तुम्हाला करण्यासारखं काही नाही, शेजाऱ्यांची मोट बांधण्यापलीकडे. पण एकटाच तुमचा रेडिएटर रुसला असेल, तर त्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

शहरातल्या जुन्या इमारतींत बहुधा एकनळी वाफेची व्यवस्था असते. ज्या नळीनं वाफ वर येते, त्याच नळीनं तिचं पाणी होऊन खाली उतरतं. म्हणजे एकाच अरुंद जिन्यावर चढणारे आणि उतरणारे दोन्ही. म्हणून खालचा व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा असावा, नाहीतर पूर्ण बंद. पुष्कळ लोक तो गॅसच्या बटणासारखा अर्धवट ठेवतात, 'मंद आचेवर'. मग पाणी आत अडकतं, मागून येणारी वाफ त्याला धडका मारते, आणि पहाटे चार वाजता पाइपात लोहार कामाला बसतो. रेडिएटर व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतरता हवा, म्हणजे पाणी परत जातं. जमीन खचून तो उलट्या बाजूला कलला असेल, तर पलीकडच्या पायांखाली पातळ लाकडी पट्टी सरकवली की आवाज पुष्कळदा थांबतो. रेडिएटर तापलेला असताना हे धाडस करू नये, आणि तो ओतीव लोखंडाचा असतो हे कमरेनंही लक्षात ठेवावं.

दुसऱ्या टोकाला बोटाएवढी एक चांदीच्या रंगाची कुपी असते, तो एअर व्हेंट. वाफ येण्याआधी रेडिएटरमध्ये हवा असते. ती या व्हेंटमधून सुस्कारे टाकत बाहेर पडते आणि गरम वाफ पोचली की व्हेंट मिटतो. तो तुंबला तर हवा बाहेर जात नाही, हवा गेली नाही तर वाफ आत येत नाही, आणि खालची नळी चटका देणारी असूनही रेडिएटर गारढोण राहतो. तुंबतो कशानं? गंजानं, गाळानं, आणि सर्वांत जास्त करून रंगानं. दर नव्या भाडेकरूच्या आधी घर रंगवताना रंगारी भिंत, चौकट, स्विच आणि व्हेंट यांत भेदभाव करत नाही. बदलायला ही वस्तू स्वस्त आणि काम काही मिनिटांचं, पण ते इमारतीच्या सुपरकडून, म्हणजे मालकानं देखभालीला ठेवलेल्या माणसाकडून, करून घ्या. मालकाच्या रेडिएटरला तुम्ही पाना लावलात आणि काही तुटलं, की भांडणाचा विषयच बदलतो.

सुपर 'बघतो' म्हणाला की समजा, घड्याळ सुरू झालं. 'बघतो' या शब्दाला मुदत नसते. त्यामुळे तोंडी सांगून झालं की त्याच दिवशी मेसेज करा, आणि मालकाला पत्र लिहा. पत्र सर्टिफाइड मेलनं, पोचपावतीसह, प्रत आपल्याकडे. मालक कोण हेच ठाऊक नसेल, तर घाबरू नका. तीन किंवा जास्त घरांच्या इमारतीची नोंदणी एचपीडीकडे, म्हणजे शहराच्या गृहनिर्माण खात्याकडे, दरवर्षी करावी लागते. त्यांच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की मालकाचं किंवा व्यवस्थापकाचं नाव निघतं, आणि जुन्या तक्रारींची यादीही. ती यादी वाचून कधी कधी वाटतं, घर बघायला आलो तेव्हा नळ सोडून पाहिले, कपाटं उघडून पाहिली, ही कुंडली तेवढी पाहायची राहिली.

दुसरी आघाडी 311, म्हणजे शहराचा तक्रारींचा नंबर. फोनवर किंवा ॲपवर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक वहीत उतरवा. एका घरानं दहादा करण्यापेक्षा दहा घरांनी एकेकदा केलेली बरी. खातं आधी मालकाशी संपर्क साधतं, मग तुम्हाला फोन करून विचारतं, हीट आली का? नाही म्हणालात तर इन्स्पेक्टर येतो. इथे अनोळखी नंबर न उचलण्याची आपली सवय नडते. वर्षभर विम्याचे फोन चुकवणारा माणूस नेमका हा फोन चुकवतो. इन्स्पेक्टर आला आणि दार उघडायला कोणी नसलं, तर तुमच्या खोलीतलं मोजणार कोण?

आणि तो यायचा अवकाश, रेडिएटर फुरफुरायला लागतो. आईनं ओढत दवाखान्यात नेलेल्या पोराचा ताप जसा डॉक्टरांच्या पायरीवर उतरतो, तसं. इन्स्पेक्टर 70 अंश लिहून घेतो, आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत पारा खाली यायला लागतो. अशा वेळी त्याच्यावर चिडू नका. परत तक्रार करा, परत करा, आणि वही चालू ठेवा. तापमान कमी भरलं तर 'सी' वर्गाचं, म्हणजे तात्काळ धोकादायक, उल्लंघन नोंदवलं जातं. मालकानं तरीही हात हलवले नाहीत, तर शहर स्वतःचा कंत्राटदार पाठवून काम करून घेऊ शकतं आणि बिल मालकाच्या नावावर टाकतं.

'भाडंच देत नाही जा!' हे वाक्य म्हणायला फार गोड आहे. म्हणून घ्या, पण लगेच अमलात आणू नका. 1975 पासून राज्याच्या कायद्यात, रिअल प्रॉपर्टी लॉच्या कलम 235-बी मध्ये, घर राहण्याजोगं ठेवण्याची हमी आहे, आणि करारात काहीही लिहून तुमच्याकडून ती सोडवून घेता येत नाही. हीट नसेल तर त्या दिवसांपुरतं भाडं कमी करून मागता येतं. पण भाडं थांबवलंत की मालक कोर्टात जाऊ शकतो: आधी 14 दिवसांची मागणी, मग खटला, आणि कागद हाती पडल्यावर उत्तर द्यायला 10 दिवस. त्या उत्तरात 'हमी मोडली' हे लिहायचं, आणि वही, फोटो, तक्रार क्रमांक, पोचपावत्या समोर ठेवायच्या. थांबवलेले पैसे वेगळ्या खात्यात जसेच्या तसे ठेवा. त्या पैशांचा नवा टीव्ही आलेला असेल, तर न्यायाधीशांना तुमच्या थंडीबद्दलची सहानुभूती जरा कमी होते.

त्याहून सरळ मार्ग म्हणजे हाउसिंग कोर्टात 'एचपी ॲक्शन'. इथे खटला तुम्ही भरता, मागणी पैशांची नसून दुरुस्तीची असते. फी 45 डॉलर, परवडत नसेल तर माफीचा अर्ज. वकील नसला तरी चालतं. घर रेंट स्टॅबिलाइज्ड असेल, म्हणजे त्याच्या भाडेवाढीवर सरकारी मर्यादा असेल, तर राज्याच्या गृह खात्याकडे भाडेकपातीचा अर्जही करता येतो. आणि तक्रार केली म्हणून मालक घर सोडायला सांगेल ही भीती असेल, तर तक्रारीनंतर वर्षभरात त्यानं तसं काही केलं, तर तो सूड आहे असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे दाखवणं मालकाचं काम.

एवढं होईपर्यंत ऊब कशानं आणायची? ओव्हन उघडा ठेवून तर नाहीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विजेचा हीटर लावलात तर थेट भिंतीतल्या प्लगला, एक्स्टेंशनला नाही, आणि पडदा, पलंग, कपडे तीन फूट लांब. 1500 वॉटचा हीटर 120 व्होल्टवर साडेबारा अँपिअर खातो. त्याच 15 अँपिअरच्या लाइनवर किटली लावली की अंधार. इथे विनोद संपतो: 2022 च्या जानेवारीत ब्राँक्समधल्या ट्विन पार्क्स इमारतीत अशाच एका हीटरपासून आग लागली आणि 17 माणसं गेली. धूर घराच्या उघड्या राहिलेल्या दारातून जिन्यांत पसरला होता. रात्री झोपताना आणि घराबाहेर पडताना हीटर बंद करा.

बरं, समजा सगळं जुळून आलं. पत्र पोचलं, इन्स्पेक्टर आला, आकडा भरला नाही, मालक हलला, व्हेंट बदलला, बॉयलर जागा झाला. मग एकनळी वाफ आपलं खरं रूप दाखवते. 1918 च्या फ्लूच्या साथीनंतर ताजी हवा यावी म्हणून खिडक्या उघड्या ठेवायचा आग्रह होता, आणि कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडी असतानाही खोली तापावी अशा बेतानं हे रेडिएटर बसवले गेले, असं हीटिंगमधले जुने जाणकार सांगतात. त्यामुळे फेब्रुवारीत बाहेर बर्फ पडत असतो आणि तुम्ही बनियनवर, खिडकी सताड उघडी टाकून, वहीत लिहीत असता: रात्री 8, हॉल 86. मग कायदा पुन्हा उघडून बघता. किमान किती हवं ते त्यात मिनिटामिनिटाला लिहिलंय. कमाल किती, याबद्दल अक्षर नाही.